सीटखालच्या दोन वायरी

साहेब, माझ्या सीटखालच्या दोन वायरी तुम्ही जोडायला लावल्यात. हात मिस्त्रीचा होता, शब्द तुमचा होता. त्या गुपचूप सोडवायलाही तुम्हीच सांगितलंत. मधल्या काळात एका बाईच्या हाताचं काय झालं ते अख्ख्या मैदानाने पाहिलं, आणि तुम्ही त्याला तिचा निष्काळजीपणा म्हणालात. मी हे सगळ्यांसमोर बोलणार आहे. मला फटफटण्यापलीकडे काही येत नाही असं वाटत असेल, तर खुशाल वाटू द्या.

मित्रांनो, मी एक जुनी गवत कापायची मशीन आहे. ढकलायची नाही, वर बसून चालवायची. चार चाकं, एक स्टिअरिंग, पोटाखाली दोन पाती. रंग हिरवा, अंग बसकं, पोट जमिनीला टेकलेलं, म्हणून मैदानावर माझं नाव पडलं बेडकी. तुम्ही ज्या गवतावर पळता, पडता, लोळता, त्या गवतावर माझी निम्मी हयात गेली. आपली कहाणी शांतपणे सांगावी असं म्हणतात. मला ते जमणार नाही. या क्षणीही माझं अंग थरथरतंय. का, ते कळेलच.

मला ज्या कारखान्यात जोडलं तिथली माणसं हुशार होती. हुशार म्हणजे काय, तर त्यांना माणूस विसरतो हे ठाऊक होतं. म्हणून पोटात पाती बसवली तेव्हाच त्यांनी सीटखाली एक छोटं बटण बसवलं. माणूस बसला की ते दाबलं जातं. पाती फिरत असताना माणूस उठला की बटण सुटतं आणि इंजिन जागच्या जागी बंद. आधी पात्यांचा दांडा खाली करून पाती थांबवली, ब्रेक लावला आणि मग उठलं, तर मात्र इंजिन चालू राहतं, कारण तेव्हा धोका नसतो. एवढीच माझी अक्कल. पण ती कधी चुकली नाही.

माझ्यावर पहिले बसले ते मामा. अख्ख्या मैदानाचे मामा. देह असा की ते बसले की सीटची स्प्रिंग कण्हायची. इंजिनाला हात लावण्याआधी ते सगळं मैदान पायाखालून घालायचे. खडे, बाटल्यांची झाकणं, तारेचे तुकडे, एकदा तर अर्धी चप्पल. पात्याखाली आलेला खडा गोळीसारखा सुटतो, आणि गोळी कुणाचं वय विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. उतारावर नेहमी वर-खाली चालवायचे, आडवं कधी नाही, कारण आडवी गेले तर मी कलंडते आणि माझ्याखाली कोण येतं ते सांगायला नको. मागे घेताना मान पूर्ण वळवायचे. पेट्रोल भरायचं तर इंजिन गार झाल्यावर. पोट साफ करायचं तर आधी चावी खिशात, मग प्लगची वायर काढायची, आणि मगच वाकायचं. गवत अडकलं तर त्यात हात घालायचा नाही, त्यासाठी माझ्या मडगार्डला एक काठी बांधलेली असायची. मांडीवर पोर घेऊन फेरी मारायची नाही. साहेब, मैदानाचा सगळा कारभार तुमच्या हाती, तरी तुमच्या पुतण्यालाही मामांनी नाही म्हटलं होतं. आठवत असेल. तुम्ही पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलला नव्हता.

तेव्हा माझं कौतुक व्हायचं. सामने बघायला आलेले लोक गवतावरचे सरळ पट्टे बघून विचारायचे, कोण कापतं हो हे. मामा माझ्या बॉनेटवर थाप मारायचे.

मग मामांच्या गुडघ्यांनी हात टेकले. जाताना त्यांनी माझी चावी दिली ती निंदणीवाल्या बायांमधल्या एकीला. ती वर्षानुवर्षं त्यांच्या मागून चालत खडे वेचायची, म्हणून त्यांनी तिलाच निवडलं. अंगाने इतकी बारीक की सगळे तिला काडी म्हणायचे. मामांनी तिला सगळं शिकवलं आणि शेवटी सीटवर हात ठेवून म्हणाले, "काडे, एक डोक्यात पक्कं ठेव. तू उठलीस आणि ही चालूच राहिली, तर पाती झोपलीत असं समज. पाती जागी असली तर ही तुला उठू देणार नाही, बंदच पडेल. काहीही झालं तरी ही खोटं बोलत नाही."

खोटं बोलत नाही. मित्रांनो, हे शब्द लक्षात ठेवा.

काडी चांगली चालवायची. माझं पोट घासून पुसून कोरडं करायची. पाती बोथट झाली की स्वतः मिस्त्रीकडे नेऊन धार लावून आणायची, कारण बोथट पातं गवत कापत नाही, उपटतं. पण एक अडचण झाली. माझी सीट भरल्या अंगाच्या माणसासाठी बनवलेली. काडीचं वजन तिला पुरेना. जरा खड्डा आला, काडी बोटभर उडाली, की बटणाला वाटायचं माणूस उठला. मी बंद. पुन्हा चावी, पुन्हा दहा पावलं, पुन्हा बंद. तिने मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन पाहिला, डब्याची पिशवी घेऊन पाहिली. माळी म्हणाला, काडे, दोन घास जास्त खा, तू मशीनला दिसतच नाहीस. ती म्हणाली, मशीनचं सोडा माळीबुवा, मी घरातही काम असलं तरच दिसते.

मिस्त्रीने सीट उचलून बघितली आणि साधा उपाय सांगितला. हलक्या माणसासाठी मऊ स्प्रिंग मिळते, ती मागवायची. एवढंच.

एवढंच होतं, साहेब. पण सामने तोंडावर आले होते आणि तुम्हाला पट्टे हवे होते. शेडच्या दारात उभे राहून तुम्ही म्हणालात की स्प्रिंगचं नंतर बघू, आत्ता ते बटण झोपवा. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ते बटण मशीनसाठी नसतं, माणसासाठी असतं." तुम्ही म्हणालात, "माणसं मी बघतो. तुम्ही वायर बघा."

त्याने बघितली. बटणाच्या दोन वायरी सोलल्या, एकमेकींना पिळल्या, वर टेप गुंडाळली. त्या दिवसापासून माझ्यावर कुणीतरी कायमचं बसलेलं होतं. सीट रिकामी असली तरी.

काडीला हे कुणी सांगितलं नाही. तिने विचारलं, झाली का दुरुस्त, आणि तुम्ही म्हणालात, झाली. वर हेही सांगितलंत की सारखी चावी फिरवू नका, बॅटरी उतरते. मिस्त्री पान्हे गोळा करत राहिला, मान काही वर केली नाही. काडी खड्ड्यांवरून गेली, उडाली, मी बंद पडले नाही. ती हसली. तिला वाटलं स्प्रिंग बसली. मला आतून सारखी खाज सुटल्यासारखं होत होतं. ओरडावं म्हटलं तर माझ्याकडे आवाज एकच, तोच कामाचा आणि तोच धोक्याचा.

सामन्यांच्या आदल्या दिवशी गवत ओलं होतं. ओलं गवत कापू नये, चिकटतं, तुंबतं. मामा असते तर कापलं नसतं. काडीही नको म्हणाली. तुम्ही कापायला लावलंत. मैदानाच्या कोपऱ्यात कापलेलं गवत बाहेर फेकणारं माझं तोंड तुंबलं, गवताचा लगदा बाहेर पडेना. वर कर्ण्यांची चाचणी चाललेली, हॅलो हॅलो करून कान किटलेले. त्यातच तुम्ही मांडवातून हात हलवून घाई करत होतात. काडीने ब्रेक लावला आणि उठली. पात्यांचा दांडा खाली करायचा राहिला.

हो, राहिला. ती विसरली.

ती उठली आणि मी चालूच राहिले. मामांनी शिकवलं होतं त्याचा अर्थ तिच्या अंगात मुरलेला. चालू आहे, म्हणजे पाती झोपलीत. लगद्याने पात्यांचा आवाज दाबून टाकला होता, उरलेला कर्ण्यांनी गिळला. चावी फिरवायची नाही असा तुमचा हुकूम होता. तरी तिने हात घातला नाही, काठीच घातली. पात्यांनी काठी खेचली, काठीबरोबर हात ओढला.

पुढचं मी सांगणार नाही. उजव्या हाताचं एक बोट अर्धं उरलं आणि शेजारचं आता वाकत नाही, एवढं पुरे.

माळ्याने धावत येऊन चावी काढली. तुम्हीही आलात. तिला गाडीत घालून नेलं, आणि माझ्या मडगार्डवरचं रक्त सुकायच्या आत तुम्ही जमलेल्यांना सांगितलंत की चालकाने दांडा खाली केला नव्हता, नियम सगळ्यांना माहीत आहेत. साहेब, माणूस विसरतो म्हणूनच ते बटण बसवलेलं असतं. न विसरणाऱ्या माणसाला बटण लागतच नाही. तो माणूस मला अजून कुठे भेटलेला नाही.

मला शेडमध्ये ढकलून दिलं. पोटात ते ओलं गवत तसंच. ते कुजलं, आंबलं, त्याखाली पत्रा गंजायला लागला. एका चाकातली हवा गेली. सीटच्या फोममध्ये उंदराने घर केलं. कुणी फिरकलं नाही.

काडी एकदा आली. कामावरून काढल्याचं तोंडी सांगून झालं होतं, ती राहिलेला डबा न्यायला आली होती. बरोबर मुलगी. मुलीची एक वेणी वर, एक खाली. माळ्याने चिडवलं तर काडी म्हणाली, भांग मला पाडता येत नाही आता, तीच पाडते, जसा येईल तसा. मग मुलीला बाहेर उभं करून ती शेडमध्ये आली आणि माझ्या सीटवर बसली. डाव्या हाताने तिने स्टिअरिंगवरची धूळ पुसली. शेवटी हळू आवाजात म्हणाली, "दांडा मी विसरले. कबूल. पण तू बंद का नाही पडलीस गं?"

मित्रांनो, तिला नोकरी हवी होतीच. पण त्याआधी तिला हे उत्तर हवं होतं. सगळे तिला सांगत होते की मशीन बंद पडली असणार, तूच घाबरून पुन्हा चालू केली असशील, तुला आठवत नसेल. तीही स्वतःवर शंका घ्यायला लागली होती. बोट गेलं ते गेलंच. आता डोकंही आपलं नाही असं तिला वाटू लागलं होतं. उत्तर तिच्याच खाली होतं. त्या वायरींवर तीच बसली होती.

मग अपघाताची तपासणी करणाऱ्या बाई येणार असल्याचं कळलं. आदल्या दुपारी साहेब, तुम्ही मिस्त्रीला सांगितलंत, त्या वायरी सोडव आणि बटण होतं तसं कर. मिस्त्री पक्कड घेऊन आला. सीट उलटली. टेपवरची धूळ बोटाने पुसली. पक्कड वायरीला लावली आणि तशीच धरून उभा राहिला. मी श्वास रोखला म्हणेन, पण मला श्वास नाही. शेवटी त्याने पक्कड खिशात घातली. "सांगितलं म्हणून जोडलं," तो स्वतःशीच पुटपुटला. "आता सांगितलं म्हणून सोडणार नाही." सीट खाली केली. जाताना चाकात हवा भरली, पोटातलं कुजकं गवत खरवडून काढलं, पेट्रोल टाकलं आणि तुमच्या खोलीत जाऊन म्हणाला, मशीन तयार आहे. ते खोटं नव्हतं.

आज सकाळी मला मैदानावर आणलं. तपासणीच्या बाईंनी आधी सगळ्यांना लांब उभं केलं. काडी आली होती, हात ओढणीत गुंडाळलेला. मिस्त्री, माळी, निंदणीवाल्या बाया, सगळे. बाई म्हणाल्या, कुणीतरी बसा, पाती चालू करा आणि उठून दाखवा. कुणी पुढे होण्याआधी साहेब, तुम्हीच हसत पुढे झालात. म्हणालात, मीच बसतो, म्हणजे शंकेला जागा नको.

तुम्ही बसलात. स्प्रिंग कण्हली, मला क्षणभर मामा आठवले. चावी फिरवलीत. ब्रेक लावलेला होता. दांडा वर केलात. माझी पाती फिरायला लागली, खालची धूळ उडाली. मग तुम्ही उठलात, बाजूला झालात आणि दोन्ही हात पसरलेत, की बघा, आता बंद पडेल.

मी बंद पडले नाही.

तुमचे हात तसेच पसरलेले राहिले. बाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, सीट मी उलटून दाखवतो, पण आधी साहेबांना विचारा. काडी मात्र तुमच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तिचं स्वतःचं डोकं परत आल्याचं दिसत होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मला बरोबर आठवत होतं."

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, कुठेही एखादी मशीन असेल तर तिला पुसा, तेल द्या, धार लावा. आणि तिच्यावर माणसाला वाचवायला बसवलेली जी वस्तू असते, झाकण असो, बटण असो, साखळी असो, ती कामात आड येते म्हणून कुणी काढायला लागलं, तर त्याचा हात धरा. तो कितीही मोठा असला तरी धरा.

आणि साहेब, तुम्ही खिशातला रुमाल चाचपू नका. सीट रिकामी आहे. पाती फिरतायत. सगळे लांब उभे आहेत आणि सगळ्यांना ऐकू येईल. काडीने मला जे विचारलं, तेच मी तुम्हाला विचारते. तुम्ही उठलात, तरी मी बंद का नाही पडले?

बोला.