शेजारच्या खणातला अकराशे

मित्रांनो, मी एक जुना बंदा रुपया आहे आणि मला शेजाऱ्याचा हेवा वाटतो. उगाच गोड बोलून काय करू?

हैदराबादच्या टांकसाळीत मला पाडलं. सालाखालची चांदणी ही तिथली खूण. तिथून आहेराच्या पाकिटात बसून मी लोहा गावातल्या एका लग्नात आलो. पाकिटातल्या नोटा खर्च झाल्या, मी मात्र ट्रंकेतच राहिलो. बाजार पाहिला नाही, कुणाच्या खिशात खुळखुळलो नाही. पुढे त्या लग्नातल्या नवरदेवाला, शिवशंकरांना, नाणी जमवायचा नाद लागला आणि माझी रवानगी अल्बमात झाली.

नाण्यावरच्या साली तशी किती नाणी पाडली, त्याची चिठ्ठी ते प्रत्येक नाण्याखाली लावत. माझ्याखाली बारा कोटी. शेजारी एक चकचकीत स्मारक नाणं, त्याच्याखाली फक्त अकराशे. मी त्याला अकराशेच म्हणतो. पाहुणे त्याच्यावरच वाकत आणि माझा जळफळाट होई. मेल्यानं कधी पावशेर मिरच्या आणल्या नव्हत्या! मीही नव्हत्या आणल्या, पण ते सोडा.

लातूरच्या प्रदर्शनात शिवशंकरांना एकच नाणं मांडायला जागा मिळाली. अकराशेच जाणार, हे ठरल्यासारखंच होतं.

तेवढ्यात लक्ष्मीपूजन आलं. शिवशंकरांच्या पत्नी मंजुश्रीबाईंनी पूजेसाठी अकराशेलाच काढलं आणि चिंच, मीठ, राख लावून खसाखसा घासलं. सगळ्या अंगावर ओरखडे उठले. शिवशंकर डोकं धरून बसले.

"देवापुढं ठिवायचं म्हणल्यावर घासायला नको का?" बाई म्हणाल्या.

खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मग उदगीरचे जाणकार चन्नबसप्पा अल्बम बघायला आले. त्यांनी भिंगातून मला बराच वेळ न्याहाळलं.

"बारा कोटी पाडले, हाव, खरं हाय. पर किती झिजले, वितळले, पुलावरून गंगेत पडले. असं कोरं किती उरलं, ते ह्या आकड्यात न्हाई," ते म्हणाले. "ह्येच न्या."

लातूरला मी काचेखाली मधोमध बसलो. लोक माझ्यावर वाकले. जिंकलो, असं वाटलं.

घरी आल्यावर मला डबीत घालून कपाटात कुलूपबंद केलं. अकराशे देव्हाऱ्यातच राहिला. त्याला रोज फूल, रोज विभूतीचं बोट.

मित्रांनो, जुनं नाणं घासू नका. किती पाडली ते वाचाल, तेव्हा किती उरली तेही विचारा. आणि कधी डबी उघडलीत तर मला जरा तळहातावर घ्या, हवं तर कडेनं धरून. माझे ते बारा कोटी भाऊ हातोहात फिरले, फिरून झिजले. आता मला त्यांचाही हेवा वाटतो.