पालखी वळली नाही

“हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये अडथळा कुठेच नाही,” डॉक्टर म्हणाले आणि गंगारामकाका लगेच मोकळे झाले.

“मंग झटका कसला? नुसता सोंग.”

रत्नागिरीच्या दवाखान्यात, माझ्या आईच्या खाटेपाशी उभे राहून ते हे बोलले. काका आमचे गावकर, गावकीत शेवटचा शब्द त्यांचा. हौसा, म्हणजे माझी आई, मेली तर पोलीस दारात येतील, या भीतीने गाडीत बसून आले होते. मायेने नव्हे.

आईचा गुन्हा मोठा होता. गावकीने वाळीत टाकलेल्या काशीला तिने आपल्या विहिरीवर पाणी भरू दिलं. म्हणून शिमग्यात देवीची पालखी आमच्या दारी न्यायची नाही असं ठरलं, आणि ते आम्हाला कुणी सांगितलंही नाही. आई सकाळपासून दारापुढचं खळं सारवून, खण-नारळाचं ताट घेऊन उभी. ढोल जवळ आले. खांदेकऱ्यांनी माना फिरवल्या आणि पालखी शेजारच्या खळ्यात जाऊन नाचू लागली. हीच पालखी माझ्या बाबांनी जन्मभर खांद्यावर वाहिली होती. आईच्या छातीत कळ आली ती तिथेच.

“सोंग नाही हे,” डॉक्टरांचा आवाज चढला. “जबर धक्का बसला की शरीरात अ‍ॅड्रेनलिनचा लोंढा येतो. त्याने हृदयाचे स्नायू बधिर होतात. टोकाकडचा भाग हलेनासा होतो, फुग्यासारखा फुगतो. उतारवयातल्या बायकांना जास्त होतं. बहुतेक जणी सावरतात, पण आत्ता त्यांच्या जिवाला धोका आहे. त्यांना रडू देऊ नका.”

म्हणजे माझ्या आईचं काळीज या माणसांनी बधिर केलं होतं आणि ते समोरच्या सोनोग्राफी मशीनच्या पडद्यावर दिसत होतं. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. डॉक्टर गेल्यावर ते आईकडे वाकले.

“वैनी, फुडल्या शिमग्याला पालखी आनतो. फक्त देवळात नारळ ठेवा नि बोला, चुकला माजा. काशीला पानी देनार नाय.”

आईला पालखी हवी होती. जीव जाईल इतकी हवी होती, हे आता मशीनसुद्धा सांगत होतं. तिने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

“भावजी, आदी काशीच्या खळ्यात न्या. मंग माज्याकडं.”

“ता कसा जमल?”

“मंग नको.”

काका चपला घालून निघून गेले. आईने भिंतीकडे तोंड केलं आणि ती हमसून रडू लागली. मी तिला गप्प केलं नाही.