सुई मुलीकडेच का वळते

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आत्या, शेजारीण, शेजारणीची जाऊ, आणि दारात उरलेली सगळी गल्ली. मध्ये पाण्याचा वाडगा. त्यात बुचाच्या चकतीवर तरंगणारी सुई. वाडग्यापाशी सुईवाले बाबा.

बाबांनी हात फिरवला. सुई वळली. थेट मुलीकडे.

"बघा! जिन्न!"

गर्दी मागे सरली. मागे भिंत होती.

मुलगी. वय सात. बोलत नाही. डॉक्टर म्हणतात ऑटिझम, आत्या म्हणते नजर, अम्मी म्हणते अल्लाहची अमानत. आवड: जे जे गरगर फिरतं ते.

बाबांची अट. "शाळा बंद. चाळीस दिवस अंधारी खोली. हा जिन्न शिकलेला आहे."

"किती?" अब्बांनी विचारलं. ते वॉशिंग मशीन दुरुस्त करतात, कामावरून तसेच आले होते.

"पदवीधर!"

अम्मीचा चेहरा उतरला. तहान लागली की पेल्याचं चित्र दाखवायचं, एवढं शिकायला मुलीला शाळेत दोन वर्षं लागली होती.

"ती चित्रं तरी राहू देत?"

"चित्रं तर मुळीच नकोत!"

एवढ्यात मुलगी उठली. काही हवं असलं की ती मागत नाही. समोरच्याचा हात धरते आणि पकडीसारखा कामाला लावते. तिने अब्बांचा हात वाडग्यावर फिरवला. सुई ढिम्म. तो हात सोडला. बाबांचा अंगठीवाला हात धरला, फिरवला. सुई गरगर. पुन्हा. पुन्हा गरगर. मुलगी खिदळली.

"बाबा, जिन्नाला घेरी येईल हो!" दारातून कोणीतरी.

बाबांनी हात हिसकून छातीशी घेतला. सुई बाबांकडे वळली.

गर्दी बाबांपासून मागे सरली.

अब्बांनी खिशातला स्क्रू अंगठीजवळ नेला. टक्. चिकटला.

"लोहचुंबक. सुईही त्यावर घासलेली. हात जिकडे, टोक तिकडे."

आत्या कुजबुजली, "मग दुआ नाही करायची?"

"पाचही वेळा करते, करणार," अम्मी म्हणाली. "सब्र मागते, ताकद मागते. अक्कल त्याने आधीच दिलीय, ती वापरायची. पोरीला अंधारात कोंडायचं नाही."

तेव्हा, सुई वळली की मुलाकडे बोट दाखवू नका. आधी हात कोणाचा ते बघा. आणि शाळा चुकवू नका.

बाबा चपला शोधत होते. मुलीने पेल्याचं चित्र आत्यापुढे धरलं.

आत्या पाणी आणायला उठली.