पाचाचा फरक

"अहो, खिसे दाखवा," असं म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. बायको गेल्यावर निरीक्षकांना सगळ्यात जड गेलं ते हेच.

त्यांचं काम म्हटलं तर साधं. गावाबाहेर माळावर एक दगडी खोली, तिच्यात खांबावर पितळी दुर्बीण आणि तिला जोडलेलं चुंबकत्व मोजायचं यंत्र. आठवड्यातून दोनदा सकाळी आत जायचं आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचं माप हातानं घ्यायचं. खोलीत लोखंड औषधालासुद्धा नाही. बिजागऱ्या पितळेच्या, खिळे तांब्याचे, कडी लाकडाची. माणसानंही किल्ल्या, पट्टा, घड्याळ, सुटी नाणी, खिळ्यांचे बूट असं सगळं बाहेर उतरवून आत जायचं. आत शेगडी चालत नाही, त्यामुळे बारा महिने गारठा. त्यासाठी बायकोनं एक जाड कोट शिवून दिला होता, लाकडी बटणांचा. गावातले लोक त्यांना होकायंत्र म्हणत. म्हणोत बापडे.

अठ्ठावीस वर्षं ती दाराबाहेरच्या बाकावर बसली. स्वतः केसांत आकडासुद्धा न घालता, दोऱ्यानं अंबाडा बांधून यायची. त्यांचे खिसे उलटे करून बघायची, सगळा ऐवज मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, जा आता, पृथ्वी खोळंबलीय. आतला आकडा बाहेर सांगितल्याशिवाय किल्ल्या परत मिळायच्या नाहीत.

एकदा तिनं विचारलं की हे मोजून कोणाचं काय भलं होतं. निरीक्षकांना तेवढंच हवं होतं. त्यांनी सांगितलं की पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड सारखं ढवळतंय, त्यातून हे चुंबकत्व येतं. सूर्याकडून कणांचा झोत सुटलेला असतो, तो या चुंबकत्वानं बराचसा बाजूला वळतो आणि आपली हवा आपल्या डोक्यावर राहते. शेजारच्या तांबड्या ग्रहाकडेही एके काळी हे सगळं होतं, पाणीसुद्धा होतं. पण जीव लहान, त्यामुळे पोट लवकर निवलं, ढवळणं थांबलं आणि सूर्यानं त्याची हवा थोडी थोडी करून उडवून नेली. हवा गेली तसं पाणीही गेलं.

"वाटीतला चहा पातेल्यातल्या चहाआधी निवतो, तसंच की," ती म्हणाली. "बिचारा. आतून निवत चाललाय हे कोणाच्या लक्षात तरी आलं असेल का हो?"

तीन वर्षांपूर्वी ती दोन दिवसांच्या तापात गेली. घर खायला उठलं. निरीक्षक कितीतरी दिवस चहा दोघांचाच टाकत राहिले आणि उरलेला ओतून देत राहिले. आठव्या दिवशी ते कोट चढवून कामावर गेले. किल्ल्या बाकावर ठेवल्या, स्वतःचे खिसे स्वतःच चाचपले आणि आत शिरले. त्या तांबड्या ग्रहाचा त्यांना आता राग यायचा, कारण त्याचं दुखणं त्यांना पुरतं कळलं होतं.

मग मुख्य कार्यालयातल्या बाईंचा फोन आला. या बाई कधीकाळी त्यांच्याच हाताखाली काम शिकलेल्या, त्यामुळे बोलताना अडखळत होत्या. म्हणाल्या, तीन वर्षं तुमच्या केंद्राची मापं आजूबाजूच्या केंद्रांशी जुळत नाहीत. पाच नॅनोटेस्लांचा फरक येतोय. पाच म्हणजे एकूण चुंबकत्वाचा दहा हजारावा भाग, पण या धंद्यात तेवढ्यानं वह्याच्या वह्या बाद होतात. "काका, दोन महिन्यांत कारण सापडलं नाही तर केंद्र बंद करावं लागेल." केंद्र बंद म्हणजे केंद्रानं दिलेलं राहतं घर सोडायचं आणि तो बाकही सोडायचा. निरीक्षकांच्या पायाखालची वाळू सरकली.

त्यांनी जंग जंग पछाडलं. खिळा न् खिळा तपासला, फरशी उकरली, खोलीभोवतीची माती चाळली, बिचाऱ्या यंत्रालाही दोष देऊन झाला. दीड महिन्यानं हात टेकायची वेळ आली. त्याच गडबडीत एका सकाळी कोटावर चहा सांडला. तिच्या हातचा कोट म्हणून त्यांनी तो तीन वर्षांत एकदाही धुतला नव्हता. आताही नुसता डाग पुसला, कोट दोरीवर वाळत घातला आणि एकावर एक दोन सदरे घालून ते आत गेले. त्या दिवशी फरक नव्हता. पुढच्या खेपेला कोट घातला, पाचाचा फरक परत हजर.

निरीक्षक बाहेर येऊन बाकावर बसले आणि कोट बोटांनी दाबत गेले. खालच्या बटणापाशी, अस्तराच्या आत, अंगठ्याला टोचलं. सुई होती. गंजलेली, नाकात अजून दोरा, आणि दोऱ्याचं दुसरं टोक बटणात. सैल झालेलं बटण परत लावता लावता तिला ताप भरला असणार. उद्या पुरं करू म्हणून तिनं सुई तिथंच खोचली असणार, आणि तो उद्या आलाच नाही.

नंतरचे दोन आठवडे त्यांनी रोज एकदा सुईसकट माप घेतलं आणि एकदा सुईविना. त्यावरून तीन वर्षांचे आकडे दुरुस्त करता आले, केंद्र वाचलं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी फोनवर दोनदा अभिनंदन केलं. फक्त अहवालात कारण लिहायचं होतं. सुईचं तर निरीक्षकांनी लिहिलं, पण चूक कोणाची या रकान्याशी पेन अडलं. अठ्ठावीस वर्षं जिनं एक टाचणी आत जाऊ दिली नाही, तिच्या डोक्यावर खापर फोडायचं? शेवटी त्यांनी लिहिलं: निरीक्षकाची. आत जाण्यापूर्वी खिसे कोणाला दाखवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात बाकावर बसून त्यांनी ते बटण पुरं केलं. टाके वेडेवाकडे पडले. दोरा दातानं तोडला, सुई किल्ल्यांशेजारी ठेवली आणि उठून उभे राहत दोन्ही खिसे उलटे करून रिकाम्या बाकाला दाखवले.

"बघ, काही नाही," ते म्हणाले.

आत माप अचूक आलं. पाचाचा फरक पार गेला होता, आणि आकडा सांगायला बाहेर येता येता त्यांना रडू कोसळलं.