अन्नदानाला मासा चालत नाही

मी जन्मात मासा खाल्लेला नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई कोकणातली असणार, माशाची बाजू घेणारच. मी पुण्याची. आमच्या घरात अंडं शिरलं ते लग्नानंतर, नवऱ्यामुळे, आणि त्याचा तवा आजही वेगळा आहे. इथल्या सुपरमार्केटात मासळीचा काउंटर दिसला की मी ट्रॉली दुसरीकडे वळवते.

अशा बाईने मूठभर वाळक्या माशांसाठी भर सभेत तमाशा केला. बॉबलिंगेनच्या आमच्या मराठी मंडळात आता माझं, म्हणजे स्नेहलताचं, नाव निघालं की लोक घसा खाकरून विषय बदलतात. बदलू देत. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पद्माकरकाका मंडळाचे अध्यक्ष. जर्मनीत पस्तीस वर्षं काढलेली, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतून निवृत्त. मी आणि माझा नवरा दत्ता दोन बॅगा घेऊन इथे उतरलो तेव्हा घर मिळेपर्यंत पाच आठवडे त्यांनी आम्हाला स्वतःकडे ठेवून घेतलं होतं. परदेशी लोकांच्या ऑफिसात पहाटेपासून रांगेत उभे राहिले आमच्यासाठी. असा माणूस खलनायक असता तर माझं काम सोपं झालं असतं.

काकांच्या आई साताऱ्याला वारल्या तेव्हा करोनामुळे विमानं बंद होती. शेवटचं दर्शन त्यांनी फोनवर घेतलं. ते त्यांना फार लागलं. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं, आईच्या नावाने अन्नदान करायचं, आणि करायचं तर जिथे खरी भूक आहे तिथे. शोधता शोधता आफ्रिकेत, मलावी देशात, मोठ्या सरोवराकाठच्या म्चेंगा नावाच्या खेड्यातली शाळा सापडली. मंडळाने मक्याचं पीठ आणि सोयाबीन पुरवायचं, गावातल्या आयांनी आळीपाळीने येऊन लापशी शिजवायची, अडीचशे मुलांनी सकाळी दहाला खायची. त्यातल्या निम्म्यांचं ते दिवसातलं पहिलं खाणं. शेडवर पाटी लागली, 'कै. यमुनाबाई यांच्या स्मरणार्थ'. मराठीत. गावात ती वाचू शकेल असा एक जीव नाही, पण पाटी कशी झोकात इथून करून पाठवली.

अट एकच होती. अन्न शुद्ध शाकाहारी असलं पाहिजे. सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि अगदी मनापासून.

यंदा जूनच्या सुट्टीत मी दोन आठवडे म्चेंगाला गेले. वाढायला, भांडी घासायला, पडेल ते काम करायला. स्वतःहून गेले, स्वतःवर खूश होऊन गेले.

दुसऱ्याच दिवशी ते घडलं. एनेलेसी नावाची पन्नाशीची बाई तिथल्या चुलीची मुख्य. तीन दगडांवर मोठं पातेलं, हातात वल्ह्याएवढा लाकडी चाटू. मी वाढायचे डाव धूत होते. वास आला म्हणून वळून पाहिलं तर ती एका फडक्यातून भुकटी काढून लापशीत टाकत होती. बोटाएवढे वाळवलेले मासे, कुटलेले. मी धावतच गेले.

"थांबा! हे काय टाकताय?"

"उसिपा," ती म्हणाली. "आमच्या तळ्यातले मासे. चव येते. ताकद येते."

"चालत नाही! सांगितलं होतं ना तुम्हाला? हे ओतून द्या."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. मुलं हातात ताटल्या घेऊन उभी होती.

"सगळं?"

"सगळं," मी म्हणाले.

दोन बायकांनी पातेलं उचललं आणि शेडमागे नेऊन ओतलं. नवी लापशी व्हायला साडेबारा वाजले. तोवर लांबच्या वस्तीवरची मुलं चालत घरी गेलेली, तशीच. पहिलीतली एक मुलगी ताटली मांडीवर घेऊन भिंतीला टेकून झोपली होती. तिला उठवून मी वाढलं. तिने चार घास खाल्ले. मी फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली एकेचाळीस जणांनी हात जोडले.

संध्याकाळी हेडसरांनी मला सांगितलं. फार सौम्यपणे, पाहुण्यांना सांगतात तसं. ज्या आईची पाळी असते ती घरून मूठभर मासे आणते. कुणी मागितलेले नसतात. तुमचं पीठ येतं, मग आमचंही काहीतरी असावं, असं बायकांनी आपसात ठरवलं होतं. पावसात ट्रक दोनदा अडकला आणि सोयाबीन आलंच नाही, तेव्हा त्या मुठीवर पोरं तगली. आज जिची मूठ होती तिच्या घरी स्वतःची चार पोरं आहेत.

म्हणजे त्या बाईने अन्नदान केलं होतं आणि मी ते मातीत ओतायला लावलं. आमचं ते अन्नदान, आणि तिचं ते काय, विटाळ? त्या रात्री मला स्वतःची इतकी चीड आली की जेवण गेलं नाही. सकाळी मी एनेलेसीची माफी मागितली आणि उरलेले सगळे दिवस त्या वासात उभी राहून वाढलं. वास मला शेवटपर्यंत आवडला नाही. तो मला आवडायचं काही कारणच नव्हतं, खाणारी मी नव्हते.

जुलैत मंडळाची सभा झाली. मला अनुभव सांगायचा होता, आणि त्यानंतर सप्टेंबरपासूनच्या नव्या वर्षासाठी पीठ पाठवायचं की नाही हे ठरायचं होतं. एरवी ते आपोआप ठरतं. मी सगळं खरं सांगितलं. ओतलेलं पातेलंही सांगितलं. म्हटलं, ती अट काढून टाका, बायका जे आणतील ते शिजू दे.

हॉलमध्ये कुजबुज झाली. मग काका उठले.

"स्नेहल, तू दमून आली आहेस. पण हे अन्नदान आहे. अन्नदानाला मासा चालत नाही. माझ्या आईच्या नावाच्या चुलीवर तर नाहीच नाही."

"काका, चूल त्यांची आहे. आपली फक्त पाटी आहे."

"आल्झो, म्हणजे," मागून कुणीतरी मध्ये पडलं, "सोयाबीन देतोय की आपण. प्रोटीन प्रोटीनच. मासे कशाला हवेत?"

हे बोलणाऱ्याच्या मागे टेबलावर सभेनंतरची बिर्याणी ठेवली होती. दोन मोठे ट्रे. त्यातल्या चिकनच्या ट्रेचं झाकण त्याने मगाशीच उचलून पाहिलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काका ढोंगी नव्हते, ते अंड्याला शिवत नाहीत. ढोंगी होतो आम्ही बाकीचे. स्वतः चिकन हाणायचं आणि पुण्य मात्र सोवळ्यातलं हवं, तेही दुसऱ्याच्या पोरांच्या ताटलीतून. इथे बॉबलिंगेनला बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि वर त्या शेळ्यांनी चारा कुठला खायचा तेही आम्हीच सांगायचं!

"मत घेऊ या," काका म्हणाले. "अट राहावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. एकेक करून, इकडेतिकडे बघत. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतून दत्ताचा हात वर गेला.

मी त्या हाताकडे पाहिलं आणि माझा तोल गेला. "मग न्या ते पीठ परत!" मी ओरडले. "पाटीसकट परत आणा! उपाशी पोरांच्या जिवावर आईचं श्राद्ध घालता? भीक नको पण कुत्रा आवर असं म्हणायची पाळी आणलीत त्या बायकांवर!"

काकांचा चेहरा पांढरा पडला. श्राद्ध हा शब्द मी वापरायला नको होता. ते खाली बसले, चष्मा काढला, पुसला. "ठीक आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "नको असेल तर नको. लिहून घ्या. सप्टेंबरपासून म्चेंगाचं काम बंद." चिटणिसांनी लिहून घेतलं. इथे एकदा कागदावर आलं की आलं.

गाडीत मी दत्ताला सोडलं नाही. "तुझा तवा वेगळा आहे घरी! तू हात वर करतोस?"

"काकांनी आपल्याला पाच आठवडे घरात ठेवलं होतं, स्नेहल. त्यांच्या आईच्या विरुद्ध मी हात कसा वर करू?"

"विरुद्ध नव्हता करायचा. खाली ठेवायचा होता नुसता."

मला आठवलं, त्या पाच आठवड्यांत दत्ताने अंड्याचं नावही काढलं नव्हतं. ज्याचं खातो त्याच्यापुढे बोलायचं नाही. आम्ही पगारदार इंजिनियर तेव्हा बोललो नाही, आणि एनेलेसीने मात्र बोलायला हवं होतं, नाही का?

घरी मैत्रेयी, आमची अकरा वर्षांची लेक, जागी होती. मी तिला तावातावाने सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं, मी काय सुनावलं. तिने नीट ऐकलं आणि तिच्या नेहमीच्या जर्मनमध्ये विचारलं, "उंड वास एसन दी येट्स्ट?"

आणि आता ती मुलं काय खाणार?

मी तिच्यावरही ओरडले. झोप म्हटलं. कारण मला उत्तर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या पार्किंगमधून मी एनेलेसीला फोन लावला. म्हटलं, मी तुमच्यासाठी भांडले. मतदान झालं, आम्ही हरलो, मग मी त्यांना सांगितलं की तुमचं पीठच नको. तिला तोडक्यामोडक्या इंग्रजीत हे समजावताना माझ्या आवाजात थोडा अभिमान होता, लपवत नाही.

मागे कोंबडा आरवत होता.

"तू नको म्हणालीस," ती म्हणाली. "मला विचारलंस?"

मी गाडीच्या दाराला टेकले.

"मासे नसले तर लापशी बेचव लागते. पण लापशीच नसली, तर मी कशात टाकू मासे? डिसेंबरात घरोघरचा मका संपतो. तू पाहिलेलं नाहीस डिसेंबर."

"एनेलेसी, आज सकाळी चिटणिसांचा निरोप आलाय, पीठ पुन्हा सुरू करायचं तर त्यांना कागदावर सही हवी आहे. मासे घालणार नाही म्हणून. तो अपमान आहे तुमचा."

"कोणी करायची सही?"

"मी."

"मग कर. कागद तुझ्याकडे राहील. पातेलं माझ्याकडे."

"पण ते खोटं होईल."

"पहिल्या दिवशी तू खरी वागलीस," ती म्हणाली. "कोणाचं पोट भरलं?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला फक्त पीठ कधी निघणार ते हवं होतं.

शनिवारी मी काकांकडे गेले. टेकडीवरचं त्यांचं घर, चढताना दर पायरीला वाटत होतं की मागे फिरावं. काकांनी दार उघडलं आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "ये ग, ये. चहा टाकतो." आत यमुनाबाईंचा फोटो. त्याला ताजा हार.

"काका, मी चुकले," मी म्हणाले. "श्राद्ध म्हणायला नको होतं." एवढं खरं होतं. पुढचं नव्हतं. "पीठ म्चेंगाला जाऊ दे. तुमची अट आम्ही पाळू."

त्यांनी कागद आधीच तयार ठेवला होता. स्वच्छ टाईप केलेला, मराठीत आणि इंग्रजीत. या स्वयंपाकघरात मांस, मासे व अंडी शिजवली जाणार नाहीत. खाली माझं पूर्ण नाव. मी येणार हे त्यांना माहीत होतं, कारण देणाऱ्याकडे माणसं येतातच.

"ती बाई ऐकेल ना आता?" त्यांनी विचारलं.

"ऐकेल."

"तिला कळलं का, आपण का नको म्हणतो ते? नुसतं भीतीने नको. पटलं पाहिजे."

"पटलं तिला, काका."

त्यांचे डोळे भरून आले. खरे भरून आले, आणि मला तेच सहन होईना. एवढा मोठा राग घेऊन मी आले होते आणि समोर एक म्हातारा मुलगा आईसाठी रडत होता. त्याच्यावर ओरडावं तर तो वाईट नाही. न ओरडावं तर त्याच्या या चांगुलपणाखाली अडीचशे पोरांनी आणि त्यांच्या आयांनी कायम मान खाली घालून उभं राहायचं. आणि आता त्या रांगेत मीही.

"बघ," काका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शांतपणे बोललं की सगळं नीट होतं. शेवटी तुलाही पटलंच ना?"

"हो काका," मी म्हणाले आणि सही केली.