वरच्या खणाची ऊब

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी आमचे शिपाईकाका प्रयोगशाळेचे कुलूप काढतात. हात कोपरापर्यंत धुतात, पांढरा कोट चढवतात आणि माझ्यासमोर येऊन उभे राहतात. मधल्या खणातल्या तापमापकावर नजर टाकून वहीत लिहितात, ‘सदतीस.’ तळाच्या ट्रेमध्ये पाणी घालतात, ओल्या फडक्याने माझे दार पुसतात आणि मगच दिवे लावतात. अठरा वर्षे हा क्रम मोडलेला नाही.

मित्रांनो, मी एक जुना इनक्युबेटर आहे. माणसाच्या शरीराइतकी ऊब धरून ठेवणारे पोलादी कपाट म्हणा ना. माझ्या खणांत चपट्या काचेच्या बश्या असतात आणि त्या बश्यांत माणसाच्या त्वचेतून घेतलेल्या पेशी वाढतात. एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार. पन्नासेक वेळा असे झाले की त्या थांबतात. जिवंत असतात, पण विभागत नाहीत. त्या का थांबतात, एवढ्या एका प्रश्नामागे आमच्या मॅडमनी आपले आयुष्य घातले.

मॅडमना टापटिपीचे भारी वेड. सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी नेम घालून दिला. वृद्धांच्या पेशी वरच्या खणात, तरुणांच्या खालच्या. काका म्हणत, “आजोबा माळ्यावर, नातवंडं अंगणात.” हा नेम कधीच कोणी मोडला नाही, आणि घात नेमका तिथेच झाला.

माझ्या पाठीत एक छोटा पंखा आहे. आतली हवा सगळीकडे सारखी फिरवणे हे त्याचे काम. बाराव्या वर्षी तो झिजू लागला. गरम हवा वर साठू लागली. मधला खण सदतीसच दाखवत होता, वरचा मात्र जवळजवळ एकोणचाळीस झाला होता. मला ते कळत होते. सांगायला तोंड नव्हते, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालत आलो. पण त्या बश्या माझ्याच पोटात होत्या.

वृद्धांच्या पेशी पस्तिसाव्या विभागणीलाच थांबू लागल्या. इतका मोठा फरक आजवर कोणाला दिसला नव्हता. मॅडमचा शोधनिबंध छापून आला, त्यांना पुरस्कार मिळाला. माझ्याशेजारी उभे राहून सर्वांनी छायाचित्र काढले. काकांनी त्या दिवशी मला दोनदा पुसले. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्याच काळात मॅडमच्या हाताखाली एक संशोधक प्रबंध लिहीत होती. तिशीची, घरी लहान मुलगी, कामाला चोख. एकदा वरचा खण भरलेला असल्याने तिने वृद्धांच्या चार बश्या खाली ठेवल्या. त्या सत्तेचाळीस वेळा विभागल्या. तिने वही पुढे केली.

“मोजणी चुकलीय तुझी,” मॅडम म्हणाल्या. “पुन्हा कर. आणि या वेळी नीट मोज.”

तिने पुन्हा केले, या वेळी बश्या नेमाप्रमाणे वरच्या खणात ठेवून. पस्तीस.

“बघ,” मॅडम म्हणाल्या. “हात घाईचा आहे तुझा.”

प्रबंधावरची सही अडली. एक वर्ष गेले, दुसरे गेले. अखेर एका दुपारी तिने टेबल आवरले. दारात काका म्हणाले, “परत येशील ना गं?”

“कशाला, काका? मला मोजता येत नाही म्हणतात.”

ती एका शाळेत शिकवू लागली, एवढे नंतर कानावर आले.

गेल्या वर्षी पंखा साफ अडकला. मेकॅनिक आला. त्याने आपल्या सवयीप्रमाणे तिन्ही खणांत एकेक तापमापक ठेवला आणि तासाभराने दार उघडले.

“वरचा तापलाय, मॅडम. हे आजचं दुखणं नाही. पाच-सहा वर्षं तरी असणार.”

“रोज बघतो आम्ही. सदतीसच असतं.”

“मधलं बघत होता तुम्ही.”

“म्हणजे आजोबांना आपणच शेकत होतो,” काका पुटपुटले. हसले कोणीच नाही.

मॅडमनी कपाटातून त्या संशोधकाची वही काढली आणि संध्याकाळपर्यंत मिटली नाही. मग नवा पंखा बसवून सात महिने त्यांनी स्वतःच्या हातांनी सारा प्रयोग पुन्हा केला, दर आठवड्याला खण बदलून. वृद्धांच्या पेशी लवकर थांबत होत्या हे खरे. पण दोन-तीन विभागण्यांनीच.

मित्रांनो, काकांनी मला रोज पुसले, कधी ओरखडा पडू दिला नाही. तरीही माझी काळजी अर्धीच घेतली गेली. यंत्राचा चांगला चाललेला भाग बघून समाधान मानू नका. ज्या कोपऱ्यात कोणी बघत नाही तिथे हात घालून बघा. आणि एखाद्याचे उत्तर तुमच्यापेक्षा वेगळे आले, तर त्याला खोटे ठरवण्याआधी त्याने काय केले ते विचारा.

परवा सकाळी मॅडमनी माझ्याशेजारच्या टेबलावरून शाळेत शिकवणाऱ्या त्या संशोधकाला फोन लावला.

“तुझी मोजणी बरोबर होती,” त्या म्हणाल्या. “खण चुकीचा होता.”

पलीकडून तिचा आवाज आला. “बश्या कुठे ठेवल्या होत्यास, एवढं विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, मॅडम.”

“हो. नाही विचारलं मी.”

फोन ठेवून त्यांनी निबंध मागे घेत असल्याचे पत्र लिहिले. चूक प्रथम कोणाच्या वहीत दिसली, ते नावानिशी लिहिले. पुरस्कार परत करण्याचे दुसरे पत्र त्याला जोडले. दोन्ही रवाना केली. मग चार वर्षे पडून असलेला प्रबंध काढला, शेवटच्या पानावर सही केली आणि तो स्वतः विद्यापीठाच्या कचेरीत देऊन आल्या.