पहिला खडा

पलूसच्या आकाराम गुळव्याच्या टाळूला दुर्मीळ जातीचा कॅन्सर झाला, तेव्हा त्यानं सांगलीच्या डॉक्टरांना एवढंच विचारलं, "जीभ ऱ्हाईल न्हवं?"

"कापायची गरजच नाही. ही गाठ शेकानं विरघळेल."

शेक म्हणजे मशीनची किरणं, हे कळल्यावर त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, घरून आणलेली ओव्याची पुरचुंडी परत पिशवीत सारली.

तेहतीस शेक झाले. तोंड सोलवटून निघालं, पण गाठ गेली.

गुऱ्हाळावर हंगामाचा पहिला गूळ निघाला आणि रिवाजाप्रमाणं पहिला खडा आकारामच्या हातावर आला. चाळीस वर्षं त्यानं जिभेवर ठेवून दिलेला निकाल मालकही मोडत नसे. आज त्यानं खडा चघळला, पुन्हा चघळला. माती चघळल्यागत लागलं. जीभ जागेवर होती, चव गेली होती. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत उभे राहिले.

त्यानं उरलेला खडा सोबत आलेल्या शालूबाईपुढं धरला. "तू सांग."

तिनं खडा तोंडात टाकला आणि हळूच म्हणाली, "आवं, करपलाय."

चार माणसांत बायकोचं नाव आकारामनं जन्मात घेतलं नव्हतं.

"जाळ कमी करा रं," तो ओरडला. "शालू म्हणतीया, गूळ करपलाय."